बांधापलीकडची ऊब

नवनाथ कडलगाने सख्ख्या चुलतभावावर चोरीचा आळ घेतला, तोही भर ग्रामसभेत, आणि चोरीला काय गेलं म्हणाल तर ऊब. सोनंनाणं नाही, पाण्याची मोटर नाही. जमिनीच्या पोटातली ऊब. आजोबांच्या काळी कुणी असं बोललं असतं तर त्याला आधी घोंगडी दिली असती आणि मग वैद्याकडे नेलं असतं. पण काळ बदलला होता, आणि हिवरदऱ्यात आता ऊब ही चोरीला जाण्याजोगी वस्तू झाली होती.

"माझ्या जमिनीतली उष्णता कुणीतरी ओढतंय," नवनाथ म्हणाला. बावन्न वर्षांचा धिप्पाड माणूस, आवाज असा की त्याला माईक द्यावा लागत नसे. "तीन शेडं आहेत माझी. आत रेशमाच्या चार लाख अळ्या. पंचवीस अंश लागतात त्यांना, आणि मिळतायत एकोणीस. पंधरा दिवसांत निम्मी बॅच उकिरड्यावर टाकली. आता दिवाळीत माझ्या बांधापलीकडं वीस पावलांवर बोअरची गाडी कुणाकडं आली होती, ते सगळ्या गावानं बघितलंय."

माना मागे वळल्या. शेवटच्या रांगेत मच्छिंद्र बसला होता. नवनाथपेक्षा तीन वर्षांनी मोठा, अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ.

"पिण्याच्या पाण्याचं बोअर आहे ते," तो म्हणाला.

"पाण्याच्या नावाखाली आत नळी सोडली तर बघायला कोण येतंय, दादा?"

मच्छिंद्र यावर काहीच बोलला नाही. त्याची ती सवयच होती. आणि गावाचं कसं असतं, जो बोलत नाही त्याच्याबद्दल दुसरा जे बोलेल ते खरं वाटतं. सरपंचबाईंनी नियम काढला: तक्रार आली की तालुक्याहून मोजणी होईपर्यंत शंकेतलं बोअर बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छिंद्रच्या बोअरवर झाकण पडलं आणि त्याची बायको इंदू हातगाडीवर हंडे लावून पलीकडच्या वस्तीवरच्या हापशाकडे निघाली. नवनाथनं ते आपल्या ओट्यावरून पाहिलं. त्याला तेव्हा बरं वाटलं होतं, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

आता ही ऊब म्हणजे काय भानगड, ते सांगतो. रेशमाच्या अळीला थंडी सोसत नाही. तिला पंचवीस-सव्वीस अंश लागतात, लहान असताना त्याहून दोन जास्त, आणि हिवरदऱ्यात पौषातल्या पहाटे पारा चारवर येतो. पूर्वी उत्तरेची लाट हिवाळ्यातून एकदा यायची, आता चार-चारदा येते. शेगडी पेटवावी तर धुरानं अळ्या मरतात. विजेवर तापवावं तर तेवढी वीज गावाला मिळत नाही. म्हणून नऊ वर्षांपूर्वी नवनाथनं तालुक्यात पहिल्यांदा ते यंत्र बसवलं. छपरावर काळ्या नळ्या. चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्यांतलं पाणी चटका बसेल इतकं तापायचं, आणि ते जमिनीत साठ मीटर खोल गेलेल्या चोवीस भोकांतून फिरवायचं. वरचा मुरूम तापायचा, खालचा काळा कातळ तापायचा. खडक सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, हाच त्याचा गुण. मार्गशीर्ष लागला की चक्र उलटं. गार पाणी खाली जायचं, ऊब घेऊन वर यायचं आणि शेडच्या फरशीखालून वाहायचं. ऊब कमी पडली तर पंप तीच दाबून, चढवून वर पाठवायचा. उन्हाळा पुरून ठेवायचा आणि हिवाळ्यात उकरून खायचा, असं नवनाथ पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे चपला काढून त्या फरशीवर उभे राहायचे आणि खुळ्यासारखे हसायचे.

चौथ्या दिवशी तालुक्याहून मोजणीदार आली. तेजल भांगरे तिचं नाव, अकोले तालुक्यातल्या डोंगराकडची, वय तिशीच्या आत. तिच्याजवळ केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूचं रीळ होतं. तो तंतू भोकात सोडला की वीत-वीत अंतरावर खडक किती गरम आहे ते कळायचं. तिनं नवनाथची भोकं मोजली, मच्छिंद्रचं बोअर मोजलं, मच्छिंद्रच्या रानात ठिकठिकाणी बारकी भोकं पाडून तीही मोजली. दुपारी तिनं नवनाथला एकट्याला गाडीपाशी बोलावलं.

"त्यांच्या बोअरमध्ये नळी नाही, काका. पंप आहे आणि पाणी आहे."

"मग ऊब गेली कुठं?"

"तुम्हीच संपवलीत. छपरावर नळ्या एका शेडपुरत्या आहेत, आणि शेडं झाली तीन. उन्हाळ्यात घालता एकाची, हिवाळ्यात काढता तिन्हींची. यंत्रानं सांगितलं नाही?"

यंत्रानं सांगितलं होतं. दर चैत्रात पडद्यावर 'भरणा अपुरा' असं यायचं आणि नवनाथ 'नंतर' वर बोट ठेवायचा. ऊब येत होती ना, मग आणखी नळ्या कशाला? त्याला राग आला, पण तो कुणावर काढावा ते सुचेना. त्या रागातच त्यानं एक प्रश्न विचारला. तो विचारला नसता तर बरं झालं असतं, असं पुढचे दोन दिवस त्याला वाटत राहिलं.

"कमी घालत होतो तर मग दुसरं शेड काढल्यावर इतकी वर्षं चाललं कसं?"

तेजलनं पडदा त्याच्याकडे वळवला. "जिथं गरम असतं तिथून जिथं गार असतं तिकडं उष्णता जाते. तुमची जमीन निवत गेली तशी आजूबाजूची ऊब तुमच्याकडं यायला लागली. तिला सातबारा वाचता येत नाही. तुमची सगळी भोकं बांधाला चिकटून आहेत. बांधापासून पंचवीस मीटर सोडून घ्या, असं बसवणाऱ्यानं सांगितलं असेल ना?"

सांगितलं होतं. नवनाथनं त्या माणसाला तेव्हा हसून उडवलं होतं. पंचवीस मीटर जमीन मोकळी सोडायची? इथं बांधाला नांगराचा फाळ घासल्याशिवाय माणसाला जेवण गोड लागत नाही. वीतभर बांध कोरला म्हणून भावाभावांची डोकी फुटली आहेत या शिवारात. नवनाथ अभिमानानं सांगायचा, आपण कधी कुणाचा बांध कोरला नाही. आणि खरंच, वरून तो जसाच्या तसा होता.

पडद्यावर जमिनीच्या पोटाचं चित्र होतं. गरम तिथं तांबडं, गार तिथं निळं. नवनाथच्या भोकांभोवती गडद निळं होतं, आणि ते बांध ओलांडून मच्छिंद्रच्या रानात पसरलं होतं.

"ही अर्धी जमिनीत गेलेली खोली कसली?" तेजलनं त्या निळ्यावर बोट ठेवलं.

"दादाचं चॉकीघर होतं."

"होतं?"

अंड्यातून निघालेल्या अळ्या पहिला आठवडा नाजूक असतात. तो आठवडा त्यांना सांभाळायचं काम म्हणजे चॉकी, आणि ते सगळ्यांना जमत नाही. मच्छिंद्रला जमायचं. त्यानं डोंगरउतारात अर्धी खोली खणून घेतली होती. जमिनीची ऊब तिला बारमाही पुरायची, थोडी कमी पडली तर दोन कंदील. पंचक्रोशीतली एकवीस घरं त्याच्याकडून अळ्या न्यायची. शिवाय अंडी फुटली की पहिल्या अळ्या पानावर कुणी घ्यायच्या, याचा इथं मान असतो. हातगुण लागतो त्याला. लोक मच्छिंद्रला बोलावून न्यायचे. नवनाथच्या पहिल्या शेडातली पहिली बॅचही त्याच्याच हातची.

मग एका हिवाळ्यात मच्छिंद्रच्या अळ्या मेल्या. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मेल्या. त्यानं खोली धुतली, चुना मारला, पाला बदलला, देवाला नारळ फोडला. तिसऱ्यांदा मेल्या तेव्हा लोक म्हणाले, मच्छिंदरचा हात गेला. म्हणाले म्हणजे काय, पहिल्यांदा म्हणाला तो नवनाथच. पारावर, दोन-चार जणांत, हसत हसत. जिभेला हाड नसतं. वर्षभरात चॉकीघराला कुलूप लागलं, आणि नवनाथनं तिसरं शेड काढून त्यात चॉकी सुरू केली. एकवीसच्या एकवीस घरं त्याच्याकडे आली.

"चार वर्षं झाली बंद पडून," नवनाथ म्हणाला. आपला आवाज इतका बारीक निघतो हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

"तिथली जमीन सव्वीसची अठरा झालीय," तेजल म्हणाली. मग तिनं पडदा मिटला. "तक्रारीत प्रश्न एकच आहे. त्यांच्या बोअरमधून ऊब ओढली जाते का? नाही. एवढं मी शुक्रवारी सभेत वाचीन. नकाशा दाखवायचा तर दोघांपैकी कुणीतरी विचारायला लागतं. त्यांना काय विचारायचं हेच ठाऊक नाही."

"आणि मला?"

"तुम्हाला आता ठाऊक आहे, काका."

गाडी गेली. नवनाथ तिसऱ्या शेडात गेला आणि सवयीनं चपला काढून फरशीवर उभा राहिला. फरशी अजून कोमट होती. ही ऊब कुणाची, हे कळल्यावर त्याला तिच्यावर पाय ठेववेना. तो चपला घालून बाहेर आला. बाईमाणसं पाला टाकत होती; त्यातल्या एकीनं विचारलं, "काय झालं, भाऊ?" त्याला वाटलं, हिला कळलंय. मग वाटलं, सगळ्यांनाच कळलंय. कुणालाच काही कळलं नव्हतं. शरमेचं असंच असतं, ज्याला ठाऊक नसतं त्याच्या डोळ्यालाही ती डोळा भिडवू देत नाही.

जेवताना चंद्रकलेनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "मॅडम काय म्हणाली?"

"बोअरमध्ये काही नाही म्हणाली."

"मग झाकण काढायला सांगा की. इंदूताई चार दिवस झाले पाणी वाहतायत. त्यांची कंबर धरलेली."

"शुक्रवारी निघेल. नियम आहे."

चंद्रकलेनं त्याच्याकडे पाहिलं आणि भाकरी न वाढताच टोपली झाकली. त्यानंही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रॉलीवर पाण्याची मोठी टाकी चढवली आणि स्वतः ट्रॅक्टर घेऊन मच्छिंद्रच्या दारात गेला. खरं सांगायचं राहू दे, निदान पाणी तरी द्यावं, असा त्याचा हिशेब. मोठं देणं टाळायचं असलं की माणूस लहान देणं मोठ्या थाटानं देतो. मच्छिंद्र घरी नव्हता. इंदू अंगणात हंडे उतरवत होती.

"वहिनी, टाकी आणलीय. कुठं लावू?"

इंदूनं पदरानं तोंड पुसलं. "चोराच्या घरी कशाला लावता, भाऊजी?"

"तसं नका म्हणू."

"मी कुठं म्हणाले? तुम्ही म्हणालात, माईक न लावता. अहो, ह्यांच्या हाताचा गुण गेला, ते नशीब म्हणून सोडून दिलं मी. पण चोर नव्हते हो ते." तिनं ओट्यावरचे रिकामे हंडे गाडीवर चढवले. "टाकी घेऊन जा. हापशाला पाणी आहे."

नवनाथला ती टाकी तशीच भरलेली परत न्यावी लागली. वाटेत पाणी हिंदकळत होतं आणि वस्तीवरची माणसं बघत होती. त्यानं मनाशी ठरवलं, शुक्रवारी बोलायचं. संध्याकाळी ठरवलं, नाही बोलायचं. बोलून जमीन काय लगेच गरम होणार आहे? गुरुवारी त्यानं चारदा ठरवलं आणि चारदा मोडलं.

शुक्रवारी सकाळी सभा भरली. तेजलनं एका वाक्यात अहवाल वाचला: मच्छिंद्र कडलग यांच्या बोअरमधून उष्णता ओढली जात नाही. सरपंचबाई लगबगीनं उठल्या. "झालं तर मग. गैरसमज होता, मिटला. नवनाथभाऊ, हात मिळवा दादांशी. चहा आलाय." लोक हसले, खुर्च्या सरकल्या. एवढ्यावर सगळं मिटत होतं. नवनाथनं फक्त हात पुढं करायचा होता, आणि तो त्यानं केलाही.

मच्छिंद्रनं तो हात दोन्ही हातांत धरला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट तो जरा ओशाळून हळूच म्हणाला, "संशय फिटला तुझा, बास. एक मागायचं होतं. इतके दिवस तोंड झालं नाही. तुझ्या शेडात काम असलं तर मला ठेव. अळ्यांना हात लावायचा नाही मी, त्याची काळजी करू नको. पाला तोडीन, शेड झाडीन. हात मोकळे राहिले की दिवस जात नाही."

नवनाथला वाटलं, यानं आत्ता सगळ्यांदेखत थोबाडीत मारावी, जन्मभर उपकार मानीन. पण मच्छिंद्र उत्तराची वाट पाहत होता, नोकरी मागणारा माणूस पाहतो तशी, खाली मान घालून.

"मॅडम," नवनाथ म्हणाला. "मला आणखी विचारायचंय. दादाची जमीन किती गार झालीय, आणि कशानं झालीय? तो नकाशा दाखवा."

चहा थांबला. तेजलनं भिंतीवर चित्र लावलं आणि साध्या शब्दांत सांगितलं: बांधालगतची भोकं, अपुरा भरणा, पलीकडून आलेली ऊब, चॉकीघराखालचे अठरा अंश. उपायही सांगितला. बांधालगतच्या भोकांतून ऊब काढणं कायमचं बंद करायचं आणि दर उन्हाळ्यात तिथं नुसतं घालत राहायचं. खडक सावकाश निवतो तसा सावकाशच तापतो. सहा-सात उन्हाळे लागतील. मच्छिंद्र पंचावन्नचा होता. ती बेरीज सभेतल्या प्रत्येकानं मनात केली.

"तिसरं शेड आजपासून बंद," नवनाथ म्हणाला. कुणी वाहवा केली नाही. मागून एक म्हातारा पुटपुटला, "चोराच्या उलट्या बोंबा." नवनाथनं ते ऐकलं आणि होकाराची मान हलवली.

मच्छिंद्र नकाशाजवळ गेला होता. आपल्या खोलीचा चौकोन त्यानं बोटानं चाचपला. मग वळून, नवनाथला नाही, तेजलला, त्यानं विचारलं, "बाई, म्हणजे अळ्या गारठ्यानं मेल्या? माझा हात चुकला नव्हता?"

"नाही काका. तुमच्या हाताचा काही संबंध नव्हता."

"तीनही वेळा?"

"तीनही वेळा."

मच्छिंद्र खाली बसला. लोक वाट पाहत होते की हा आता शिव्या देईल, भरपाई मागेल. नवनाथही वाट पाहत होता. पण मच्छिंद्रनं वेगळंच मागितलं. "माझा हात गेला असं तू घरोघर पोचवलंस, नवनाथ. आता तू स्वतः जा. एकवीस घरं आहेत. प्रत्येक दारात सांग. आणि शेवटी माझ्या घरी जा. इंदूला तूच सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, हा आपली कड घेतोय."

नवनाथ चहा न घेता निघाला. पहिल्या घरी त्यानं विज्ञान सांगितलं. खडकातून उष्णता कशी वाहते, भरणा म्हणजे काय, सगळं व्यवस्थित. घरधनी ऐकत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे जमिनीचाच दोष म्हणायचा." नवनाथ "तसंच" म्हणून बाहेर आला, दहा पावलं गेला आणि परत फिरला. "जमिनीचा नाही. माझा," एवढं उंबऱ्यावरून सांगून तो पुढं गेला. दुसऱ्या-तिसऱ्या घरी यंत्र मध्ये आलं, चौथ्या घरी बसवणारा माणूस मध्ये आला. दर वेळी त्याला कळायचं की आपण कुणाच्या तरी मागं लपतोय. एका घरी म्हातारी म्हणाली, "बस, पाणी पी." तो उभाच राहिला. एका घरी त्याच्या तोंडावर दार लागलं आणि त्याला त्यातल्या त्यात ते बरं वाटलं. घरं सरत गेली तसं बोलणं आखडत गेलं. एकविसाव्या दारात तो इतकंच बोलला: "मच्छिंदरदादाच्या अळ्या माझ्यामुळं मेल्या. हात त्याचा चांगला होता, आणि तो गेला असं मी उठवलं."

मच्छिंद्रच्या अंगणात पोचला तेव्हा दुपार कलली होती. बोअरवरचं झाकण निघालं होतं. इंदू नुकतीच परतली होती, हातगाडीवरचे हंडे अजून भरलेले. नवनाथनं तेच दोन वाक्यांचं बोलणं तिला सांगितलं आणि मान खाली घालून उभा राहिला. ती ओरडेल, असं त्याला वाटलं होतं. ती ओट्याच्या कडेला बसली.

"तीनही वेळचं?" तिनं विचारलं.

"तीनही वेळचं, वहिनी."

ती आपल्या तळहातांकडे बघत म्हणाली, "लोक बोलले ते बाहेर बोलले, भाऊजी. घरात मी बोलले. तुमच्या हाताला यश नाही, असं मीच त्यांना म्हणाले. पोरीच्या लग्नात ते हळद लावायला उठले, तेव्हा मी त्यांना बाजूला केलं. म्हटलं, तुम्ही नका लावू. ते बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत."

नवनाथ म्हणाला, "चूक माझी आहे, वहिनी."

"तुमची आहेच. ती तुम्ही एकवीस दारांत सांगून आलात, तुमचं झालं." इंदूनं वर पाहिलं. "माझा माणूस आत्ता त्या वाटेनं घरी येईल. आता मी कुणाच्या दारात जाऊ, सांगा."